पक्ष्यांची ओळख : लहान खंड्या

उजनीचें धरण इ. स. १९८० मध्यें पुरें झालें आणि भीमेचें पाणी इंदापूर तालुक्यांत भिगवणपर्यंत पसरलें. त्या कांठीं, किंवा बारामतीकडे नीरेच्या डाव्या कालव्यावर, जेमतेम चिमणीएवढा निळा पक्षी पाण्यावर टक लावून बसलेला दिसला, तर तो लहान खंड्या समजावा. पाठ चकचकीत निळी, पोट नारिंगी, शेंपूट आंखूड, चोंच लांब व सरळ. नराची चोंच काळी असते. मादीच्या चोंचीचा खालचा भाग तांबूस. तपकिरी डोक्याचा व पांढऱ्या गळ्याचा मोठा खंड्या तो निराळा. आफ्रिकेंतील याचा भाऊबंद मॅलाकाइट खंड्या असाच रंगीत; पण त्याच्या डोक्यावर पट्टेदार तुरा असतो.

ही निळाई रंगद्रव्याची नव्हे; पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाची ती किमया.

खंड्या काड्यांचें घरटें बांधीत नाहीं. मातीच्या उभ्या दरडींत तो बीळ खोदतो व त्यांत मादी पांढरीं अंडीं घालते. म्हणूनच जेथें कांठ सिमेंटनें बांधून काढतात, तेथें मासे असूनहि त्याला घर उरत नाहीं. मुलांना पक्षी दाखवितांना दरडहि दाखवावी; आणि आपल्या शेताजवळच्या ओढ्याची एखादी दरड मातीचीच राहूं द्यावी.