दुर्बीण घ्यावी लहान आकड्याची

वस्तू घेताना आकडा मोठा तेवढी वस्तू चांगली, असा आपल्याकडे एक ठाम समज आहे. ज्यादा व्याजाचा आकडा पाहून पुंजी नको तिथे गुंतवणारी माणसं मी बँकेतल्या नोकरीत जवळून पाहिली. दुर्बिणीच्या दुकानातही हेच चालतं. दुकानदार २०×५० पुढे करतो आणि निवृत्तीनंतर भिगवणचे रोहित पक्षी पाहायला निघालेला गृहस्थ हरखून जातो.

हिशेब मात्र साधा आहे. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. वीस पटींच्या दुर्बिणीत पक्षी मोठा होतो, तसा हाताचा कंपही वीस पट होतो. दिसणारा परिसर आक्रसतो. उडता पक्षी सापडतच नाही. आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ५० भागिले २० म्हणजे अडीच मिलिमीटर. डोळ्यात शिरणारा झोत एवढाच. संध्याकाळी डोळ्याची बाहुली याहून मोठी होते, म्हणून चित्र काळवंडलेलं दिसतं. ८×४२ मध्ये हाच झोत सव्वापाच मिलिमीटरचा असतो. तरुणपणी अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीनंतर सहसा तेवढी नाही; तेव्हा ७×५० चा जादा प्रकाशही आपल्याला वायाच.

म्हणून माझं मत असं, की घरात एकच दुर्बीण घ्यायची तर ८×४२ घ्यावी. वजन झेपत नसेल तर ८×३२. झूमच्या आणि लालभडक भिंगांच्या मोहात पडू नये. चष्मा असलेल्यांनी चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसतं का, ते पाहावं. मुंबई-कोकणातल्यांनी नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण घ्यावी. आपल्या पावसाळ्यात भिंगांना आतून बुरशी धरते.

प्रश्न केवळ पैशांचा नाही. दोन नळ्या एका रेषेत नसल्या की डोकं दुखतं. मग 'आता आपले डोळे गेले' म्हणत माणूस दुर्बीण कपाटात टाकतो, आणि वस्तूचा दोष स्वतःच्या वयाच्या खाती मांडतो. उतारवयातला एक चांगला छंद असा सुरू होण्याआधीच संपतो. तेव्हा पैसे मोजण्याआधी दुकानाच्या दारात उभं राहून समोरच्या इमारतीवरची पाटी दोन मिनिटं वाचा. डोळ्यांना ताण जाणवला, तर ती दुर्बीण निमूटपणे परत द्यावी.