स्टार्टर सेट घेऊ नका!

मॉडेल रेल्वेचा छंद सुरू करायचाय असं कुणी म्हटलं की जाणकार मंडळी एकच सल्ला देतात. "आधी एक स्टार्टर सेट घे. इंजिन, तीन डबे, गोल रूळ आणि कंट्रोलर, सगळं एका खोक्यात. मग ८ बाय ४ चं प्लायवूड आण आणि हळूहळू वाढव." माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला चुकीचा आहे, आणि आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी तर साफ चुकीचा. माझ्या ओळखीतल्या चार-पाच जणांनी हा छंद सुरू करून सोडला, ते सगळे याच रस्त्याने गेले. खोकी माळ्यावर आहेत, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी.

कारण सोपं आहे. गोलावर गाडी फिरते. मग फिरत राहते. पहिली वीस मिनिटं आपण जमिनीवर गाल टेकवून बघतो, आई-बाबांना बोलावतो, व्हिडिओ काढतो. एकविसाव्या मिनिटाला कळतं की इथे आपल्याला कामच नाही! आमच्या भाषेत, बाहेर पडायची अट नसलेला लूप.

आता जागेचा हिशोब. एचओ हे सगळ्यात प्रचलित प्रमाण, म्हणजे १:८७. आपला आयसीएफ डबा सुमारे सव्वाबावीस मीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये जवळजवळ साडेपंचवीस सेंटीमीटर. चोवीस डब्यांची एक्सप्रेस लावायची म्हटली तर इंजिनासकट सहा मीटरच्या वर जाते. वीस फूट! एवढा हॉल आहे कुणाकडे? आणि सेटमधल्या वळणाची त्रिज्या साधारण ३६ ते ४६ सेंटीमीटर असते. त्यावर असा लांब डबा चढवला की पोट आत आणि टोकं बाहेर, बघवत नाही. शिवाय ८ बाय ४ च्या मधोमध हात पोचायला निदान तीन बाजूंनी उभं राहायला जागा लागते. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये मग झोपायचं कुठे, हे सल्ला देणारे सांगत नाहीत.

पैशाचं तर विचारूच नका. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. तेव्हा "आधी घे, मग बघू" हे आपल्याला परवडणारं तत्त्वज्ञान नाही. (अमेरिकेतला मेव्हणा बॅगेत आणतो म्हणणाऱ्यांनी मेव्हण्याला विचारून बघावं.)

आमच्या आयटीवाल्यांचा रोग वेगळाच. एक इंजिन यायच्या आधी डीसीसी हवं, आर्डुइनो हवा, मोबाइलवरून सिग्नल बदलायला हवेत. डीसीसी चांगलंच आहे, त्याच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. पण एका इंजिनाला साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर पुरतो हो! रिलीज करायला काही नाही आणि आर्किटेक्चरवर मीटिंगा, हे ऑफिसात करतोच की आपण.

मग सुरुवात कशी करावी? शंटिंगपासून. ॲलन राइट या इंग्लिश माणसाने 'इंगलनुक सायडिंग्ज' नावाचा छोटा लेआउट केला होता. फक्त दोन पॉइंट, तीन सायडिंग. एकीत पाच वॅगन मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. पुढच्या तुकड्यावर इंजिन आणि जास्तीत जास्त तीन वॅगन. एकूण आठ वॅगन, त्यातल्या पाचांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि चिठ्ठ्यांच्याच क्रमाने लांब सायडिंगवर गाडी जोडायची. एका टोकाला बंद असलेली सायडिंग म्हणजे स्टॅकच की, शेवटी आत गेलेली वॅगन आधी बाहेर! शक्य क्रम ६,७२०. एचओमध्ये चार चाकांच्या छोट्या वॅगन घेतल्या तर चार-साडेचार फूट लांब, फूटभर रुंद फळी पुरते. पुस्तकांच्या कपाटावर राहते, घरात भांडणं होत नाहीत.

"पण मला आपली गाडी हवीय, परदेशी नको," हा आक्षेप मला मान्य आहे. किंबहुना तोच माझा मुद्दा आहे, कारण स्टार्टर सेटमध्ये आपली गाडी सहसा नसतेच. आणि गंमत म्हणजे एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ हा १४३५ च्या स्टँडर्ड गेजचा. आपला ब्रॉडगेज १६७६, म्हणजे १:८७ मध्ये सव्वाएकोणीस. थोडं खोटं खपवून घ्यावं लागतंच. पण नॅरोगेजचं बघा: ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ, आणि एन स्केलचा रूळ नऊ मिलिमीटरचा! म्हणजे एनचं तयार यंत्र खाली, वर पुठ्ठ्याची स्वतः कापलेली बॉडी, आणि बार्शी लाइट तयार. १८९७ ला बार्शी-कुर्डुवाडी सुरू झालेली ही लाइन २०११ पर्यंत सगळी ब्रॉडगेज होऊन गेली. ती छोटी गाडी आता परत बघायची असेल तर कुणीतरी बनवायलाच हवी, कुठल्याही खोक्यात ती येणार नाही.

मोठा लेआउट बघायची हौस असेल तर कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं, १९९८ मध्ये खुलं झालेलं म्युझियम आहे. जरूर बघा, पण तसलं घरी पहिल्याच वर्षी करायला जाऊ नका.

राहता राहिला मुलांचा प्रश्न. "पोराला गोल फिरणारीच आवडते." मग बॅटरीवरची खेळण्यातली घ्या ना, त्यात काय वाईट आहे? स्वतःच्या हौसेला पोराचं नाव देऊ नका, एवढंच :-)

आणि हो, काही विकत घ्यायच्या आधी एक करा. कागदावर तीन रेघा ओढा, आठ काड्यापेट्यांवर आकडे घाला, पाच लांब रेघेवर ठेवा, तीन एका छोट्या रेघेवर. इंजिनाऐवजी खोडरबर. चिठ्ठ्या काढा आणि बसा. दुसऱ्या दिवशी परत बसावंसं वाटलं, तर फळी आणायला हरकत नाही.