फी माफ आहे, मग कर्ज कशाचे?

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या विहारात फॉर्म भरण्यासाठी मुलामुलींची गर्दी सुरू होते. आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी तिथे बसतो. गेल्या वर्षी अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी आली. शिष्यवृत्ती मंजूर होती, पण पैसे खात्यात आले नव्हते. कॉलेजने परीक्षेचा फॉर्म अडवला. आईने बचत गटाच्या नावावर मायक्रोफायनान्सचे कर्ज काढले आणि फी भरली. पुढे शिष्यवृत्ती आली, पण तोपर्यंत आठवड्याच्या हप्त्यांनी घर पिळून निघाले होते.

अशी घरे आम्ही एक-दोन नाही, अनेक पाहिली. त्यातून आमचे एक मत पक्के झाले आहे. आपल्या मुलांवरचे बरेचसे कर्ज फीमुळे होत नाही. योजनेचा पैसा येईपर्यंतच्या काळात आणि चुकीच्या प्रवेशात ते होते. म्हणजे ते टाळता येण्यासारखे आहे.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. धर्मांतर १९५६ साली झाले, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतील सवलती बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीनंतर मिळाल्या. ही शिष्यवृत्ती कोणाची मेहरबानी नाही, लढून मिळालेला हक्क आहे. म्हणून ती वेळेवर मिळावी ही मागणीसुद्धा हक्काचीच आहे.

आज कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर ही शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा. पण इथेच पहिला खड्डा आहे. प्रवेश कॅप राउंडमधून झाला तरच हा लाभ मिळतो, मॅनेजमेंट कोट्यातून झाला तर नाही. "सीट मिळते आहे, स्कॉलरशिप नंतर बघू" असे एजंट सांगतो, आणि घर लाखोंच्या फीखाली येते. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: हा प्रवेश शिष्यवृत्तीला पात्र आहे का? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी ही कामे अकरावी-बारावीतच उरका. पडताळणी अडकली की प्रवेशही लटकतो.

दुसरा खड्डा वेळेचा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने या योजनेसाठी ६०:४० चे सूत्र मंजूर केले. साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. राज्याने आपला वाटा दिल्याची खात्री झाली की केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. पारदर्शकतेच्या दृष्टीने हे चांगलेच. पण राज्याने उशीर केला की केंद्राचाही हप्ता थांबतो, आणि त्याची झळ सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला लागते. आधारशी भलतेच जुने खाते जोडलेले असेल तर पैसे तिकडे जातात आणि घरच्यांना कळतही नाही. शिवाय खात्यात आलेली रक्कम कॉलेजच्या फीची असते. ती घरखर्चात गेली तर पुढच्या सत्राला पुन्हा उधारी.

तिसरा खड्डा राहण्या-जेवणाचा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरलेली होती, लहान शहरांत त्याहून कमी. वसतिगृहाचा अर्ज न करता थेट खोली भाड्याने घेणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. आधी वसतिगृह, मग स्वाधार, आणि खोली सर्वांत शेवटी.

एवढे करूनही कमी पडले तर कर्ज घ्यावे, पण बँकेचे शैक्षणिक कर्ज, सोने तारण किंवा मायक्रोफायनान्सचे नव्हे. समजा चार वर्षांच्या कोर्ससाठी दरवर्षी सुरुवातीला एक लाख उचलले, दहा टक्के सरळव्याजाने. कोर्स आणि पुढचे एक वर्ष हप्ता नाही. पण पाच वर्षांनी चार लाखांवर एक लाख चाळीस हजार व्याज चढलेले असते. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर मान्यताप्राप्त संस्थांतील तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी या काळाचे व्याज केंद्र सरकार भरते, अशी योजना आहे. शिष्यवृत्ती चालू असताना ती लागू होते का, हे बँकेकडून आधीच लेखी घ्या.

कर्जाचे बाबासाहेबांनाही वावडे नव्हते. १९१३ मध्ये ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडनला परतताना त्यांनी मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले. सावकाराचे दार नव्हे, विश्वासाचा माणूस होता.

तो विश्वासाचा माणूस आता विहार होऊ शकतो. वीस नोकरदारांनी महिन्याला पाचशे रुपये दिले तर वर्षात एक लाख वीस हजार जमतात. सहा विद्यार्थ्यांना वीस-वीस हजार बिनव्याजी देता येतील. शिष्यवृत्ती आली की पैसे परत, पुढच्या वर्षी पुढच्या मुलांना. हिशोबाची वही विहारात सर्वांना पाहता यावी, आणि निर्णय घेणाऱ्यांत विद्यार्थिनी व महिलाही असाव्यात. जयंतीच्या डीजेवरचा एका रात्रीचा खर्च या निधीत वळवायला काय हरकत आहे?

मात्र या निधीमुळे सरकारची जबाबदारी सुटत नाही. सत्र संपण्याआधी हप्ता मिळावा, शिष्यवृत्ती मंजूर असताना परीक्षा किंवा निकाल अडवणाऱ्या कॉलेजवर कारवाई व्हावी, यासाठी समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे नावानिशी, तारखेनिशी लेखी तक्रारी गेल्या पाहिजेत. एकट्या मुलाला खिडकीवरून परत पाठवणे सोपे असते. वीस अर्ज घेऊन विहाराचे कार्यकर्ते उभे राहिले की उत्तर द्यावे लागते.

या रविवारी आपल्या विहारात एक टेबल आणि एक वही मांडा. सुरुवात एवढीच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!