शोधपेटीतले शून्य आणि नाशिकची नावे

१/ जुन्या ग्रंथाची डिजिटल प्रत उघडायची, शोधपेटीत गावाचे नाव टंकायचे आणि निकाल शून्य आला की ‘या ग्रंथात त्या गावाचा उल्लेखच नाही’ असे ठामपणे लिहून मोकळे व्हायचे, ही सवय इतिहासप्रेमींमध्ये रुजू लागली आहे. ती घातक आहे. ते समजण्यास एकट्या नाशिकचे उदाहरण पुरेसे आहे.

२/ मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली तो १८८३ मध्ये निघाला; त्यातील पांडवलेण्यांचे विवेचन पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या अभ्यासावर उभे आहे. जिल्ह्यावर लिहिणाऱ्याला हा खंड टाळता येत नाही. आज तो बहुतेकांच्या हाती पडतो तो स्कॅन केलेल्या रूपात.

३/ स्कॅनमधील छापील अक्षरे ओळखून यंत्र त्यांचा मजकूर तयार करते. ही प्रक्रिया म्हणजे ओसीआर. गॅझेटियरमध्ये ‘आ’चा उच्चार दाखवण्यासाठी इंग्रजी ‘ए’वर तिरकी रेघ दिली आहे. यंत्र त्या रेघेने फसते आणि पुष्कळदा तेथे ‘डी’ वाचते. मग नासिकचे ‘न्डसिक’ होते, मालेगावचे ‘म्डलेगाव’. नाव कागदावर स्पष्ट असते. शोधपेटीला ते दिसत नाही.

४/ यावरचा उपाय म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, बोलीभाषेत रेजेक्स. यात नेमका शब्द न शोधता शब्दाचा नमुना शोधला जातो. या कल्पनेचा गणिती पाया स्टीफन क्लीनी यांनी १९५०च्या दशकात घातला. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती मजकूरशोधासाठी वापरून दाखवली.

५/ नमुन्यातील टिंबाचा अर्थ ‘येथे कोणतेही एक अक्षर चालेल’. इंग्रजी ‘नासिक’मधील पहिल्या ‘ए’च्या जागी टिंब ठेवले, की शुद्ध आणि बिघडलेली अशी दोन्ही रूपे एकाच शोधात हाती लागतात.

६/ मराठी मजकुरात अडचण निराळी. ‘नाशिक’ आणि ‘नासिक’ ही दोन्ही रूपे प्रचलित आहेत. शिवाय मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही, त्यामुळे लिप्यंतरकारानुसार वेलांटी बदलते. त्यासाठी नमुना असा:
ना(शि|शी|सि|सी)क
उभी रेघ म्हणजे ‘किंवा’.

७/ एक सापळा मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावा. पायथनच्या मूळ रेजेक्स संचात ‘शब्दातील अक्षर’ या अर्थाची जी खूण आहे, ती काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. तिने ‘नाशिक’ या शब्दाचे न, श, क असे तीन तुकडे पडतात. साधन तटस्थ नसते. ते कोणत्या लिपीला डोळ्यांसमोर ठेवून घडले, हे त्यात उमटलेले असते.

८/ उलट चूकही होते. जिल्ह्यातील ‘पेठ’ तालुका शोधायला जावे, तर रविवार पेठ, बाजारपेठ, पेठेतील वाडे असे सारे जाळ्यात येते. शून्याइतकाच फुगलेला आकडाही फसवा असतो. सापडलेली प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही.

९/ आता कळीचा मुद्दा. मोगल काळात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. वरचा कोणताही नमुना ते शोधू शकत नाही. इंग्रजी गॅझेटियरमधील ‘चांदोर’ म्हणजे चांदवड, ‘पेइंट’ म्हणजे पेठ, हेही यंत्राला ठाऊक नाही. ते ज्ञान नमुन्यात अभ्यासकानेच घालायचे असते.

१०/ म्हणून ‘रेजेक्समुळे वाचन मरेल’ हा आक्षेप टिकत नाही. चांगला नमुना लिहिण्यासाठी आधी पाने वाचावी लागतात, लेखनाच्या तऱ्हा ओळखाव्या लागतात, यंत्र कोठे अडखळते ते पाहावे लागते. साधनचिकित्सेचेच हे नवे रूप आहे. मोडी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने तेही शिकावे. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

११/ त्यासोबत एक शिस्तही हवी. ‘अमुक ग्रंथात अमुक नाव इतक्या वेळा येते’ असे लिहिणाऱ्याने आकड्याशेजारी आपला नमुना आणि वापरलेली प्रत नोंदवावी, जशी तळटीप दिली जाते. मग दुसरा कोणीही तो नमुना चालवून सुटलेले रूप दाखवून देऊ शकेल. शोधपेटीतल्या नुसत्या शून्याला अशी उलटतपासणी लागू करता येत नाही.

१२/ गावांची, जातींची, घराण्यांची प्राचीनता आज समाजमाध्यमांवर अशाच आकड्यांच्या बळावर ठरवली आणि नाकारली जाते. अशा वेळी ‘सापडले नाही’ आणि ‘नव्हते’ यांतील अंतर जपणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे पहिले कर्तव्य ठरते. (समाप्त)