ताट परत येतंय, ते कुठे लिहायचं?

रुग्णालयातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी पुण्याजवळच्या एका वृद्ध-शुश्रूषा केंद्रात सिस्टर म्हणून काम करते. इथे येणाऱ्या प्रत्येकाची फाइल पहिल्या दिवशी मनापासून भरली जाते: गोळ्या, पथ्य, चालता येतं का, हातानं जेवतात का. पुढे गोळी बदलली तर नोंद होते. माणूस बदलला तर होत नाही.

आमच्या एका आजींचं जेवण गेल्या पावसाळ्यात कमी होत गेलं. दोन पोळ्यांची अर्धी झाली, तीही वरणात चुरून. इन्सुलिन मात्र फाइलीत होतं तेवढंच चालू. एका पहाटे अंग घामानं भिजलेलं, हाकेला ओ नाही. साखर पार खाली गेलेली. वेळेवर ग्लुकोज मिळालं म्हणून आजी वाचल्या. ताट भरलेलं परत येतंय हे जेवण देणाऱ्या मावशींना कितीतरी दिवस दिसत होतं. ते लिहायला फाइलीत त्यांना जागाच नव्हती.

पार्किन्सन्सच्या आजोबांना पाण्याचा ठसका लागायला लागतो, तेव्हाही पहिल्यांदा कळतं ते भरवणाऱ्या मावशींनाच. फाइलीत ‘साधा आहार’ असतो. रात्रपाळीचा नवा मुलगा तेच वाचतो आणि कोरडे पोहे पुढे ठेवतो. घास श्वासनलिकेत गेला तर जीव गुदमरतो, फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया.

अमेरिकेत १९८७च्या कायद्यानंतर सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमना दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची स्थिती नव्यानं नोंदवावी लागते. प्रकृतीत मोठा बदल दिसला तर १४ दिवसांत पूर्ण फेरतपासणी आणि त्यानंतर ७ दिवसांत काळजीचा नवा आराखडा. तो ठरवणाऱ्यांत डॉक्टर-नर्सबरोबर रोज अंघोळ घालणारी, भरवणारी मदतनीस असलीच पाहिजे, असा तिथला आजचा नियम आहे. मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. १४ दिवसांची मुदत मात्र लांबच. ठसक्याची नोंद त्याच दिवशी व्हायला हवी.

आपल्या सरकारनंही आमच्यासारख्या केंद्रांना अशी नियमित फेरनोंद बंधनकारक करावी. मावशींसाठी फाइलीत रोजचं एक पान ठेवावं. अक्षर कसंही असो. आणि महिन्याचे पैसे भरायला येणाऱ्या मुलामुलींनी पावतीबरोबर फाइलही मागावी. शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघावं, ती आईला भरवणाऱ्या मावशींना वाचून दाखवावी आणि विचारावं, यातलं काय बदललंय?