खराट्याला भाव कोण देणार?

पावसाळा सरला की हर्णेच्या वाड्यांमधून धूर निघू लागतो. गळालेल्या झावळ्या, पोफळीच्या विरी, नारळाची सोडणं एकत्र करून पेटवली जातात. त्याच घरात अंगण झाडायला प्लास्टिकचा झाडू आणि दावतीला थर्माकोलच्या ताटल्या विकत येतात. कामाची वस्तू जाळायची आणि पैसे मोजून कचरा आणायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणत नाही. मच्छीमाराने नायलॉनचं जाळं टाकून द्यावं असं सांगणाऱ्याने आधी एकदा होडीतून जाऊन यावं. पण घरातलं काय? नारळाचं एक झाड वर्षाला साधारण 12 झावळ्या टाकतं. विणल्या की झाप, हीर सोलले की खराटा. सोडण कुजवून कुटलं की काथ्या, काथ्याचं सुंभ. पोफळीची विरी धुऊन गरम साच्यात दाबली की ताटली होते, डिंकही लागत नाही. मात्र विरीतले सुपारीचे अंश अन्नात उतरू शकतात म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2025 मध्ये या ताटल्यांवर हरकत घेतली. तेव्हा जेवायला केळीचं पान किंवा जमातीची स्टीलची ताटं बरी. विरीची सुपली करावी, परडी करावी.

कायदा आडवा येत नाही. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटल्यांवर 2018 पासून बंदी आहे. 2017 मध्ये वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे बुरुडाला माल मिळणं सोपं व्हायला हवं. अडतं ते भावापाशी. प्रदर्शनात टोपलीचं कौतुक करणारे आपणच बाजारात बुरुडाशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो.

खराट्याचं तर त्याहून वाईट. हीर सोलायचं काम बहुतेक बायकाच करतात, घर सांभाळून. म्हणून ते 'रिकाम्या वेळातलं' समजलं जातं आणि मजुरी धरलीच जात नाही. आपल्याकडे कितीतरी घरं आखातातून येणाऱ्या पैशावर चालतात. तो थांबला की घरातल्या बाईच्या हाताशी काय उरतं, हा प्रश्न मला पर्यावरणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. बचत गटाला प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्रं वाटली की आपलं काम झालं, असं समजू नये. प्रमाणपत्राने खराटा विकला जात नाही.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या माड-पोफळी आडव्या केल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. उरलेल्या झाडांपासून फळाखेरीज आणखी काही मिळालं, तर वाडीवाल्यालाही ते हवंच आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मशिदी, शाळा, ग्रामपंचायत आणि मुरुड-कर्द्याची लॉजं यांना वर्षभर झाडू लागतातच. त्यांनी ती खरेदी इथल्या बायकांकडून करावी, दिवसाची मजुरी धरून भाव ठरवावा आणि निम्मे पैसे आगाऊ द्यावेत. जमातीच्या पुढच्या बैठकीत हिशोब मांडला जाईल, तेव्हा गेल्या वर्षी झाडू आणि ताटल्यांवर किती खर्च झाला, एवढं तरी कुणी विचारा.