रडीचा डाव नेमका कुणाचा?

लखनौ, २७ मे २०२५. आयपीएलच्या साखळी फेरीतला शेवटचा सामना. बंगळूरूसमोर २२८ धावांचं लक्ष्य, क्रीझवर आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा आणि सतरावं षटक सुरू. ही ओव्हर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल, लाइव्ह नाही तर रीलमध्ये तरी. पण रीलमध्ये त्या ओव्हरचा एकच चेंडू आला. मला दोन चेंडूंबद्दल बोलायचं आहे.

पहिला चेंडू असा. दिग्वेश राठीला रिव्हर्स स्वीप मारताना जितेश झेलबाद झाला. तिसऱ्या पंचांनी पाहिलं, तर राठीचा मागचा पाय बाजूच्या रेषेला लागला होता. नो-बॉल! हातातली विकेट गेली, वर फ्री हिट मिळाला आणि त्यावर जितेशनं सिक्सही मारला. कुणी काही बोललं नाही. नियम म्हणजे नियम.

दुसरा चेंडू ओव्हरच्या शेवटी. आता जितेश नॉन-स्ट्रायकर एंडला होता. राठी धावत आला, चेंडू टाकलाच नाही, वळून बेल्स उडवल्या. जितेश क्रीझच्या बाहेर. अपील झालं, प्रकरण तिसऱ्या पंचांकडे गेलं. राठीनं गोलंदाजीची शेवटची ढांग पूर्ण केल्यानंतर बेल्स उडवल्या होत्या, म्हणून निर्णय नाबाद. शिवाय लखनौचा कर्णधार ऋषभ पंतनं अपीलही मागे घेतलं. जितेशनं पंतला मिठी मारली, स्टेडियममध्ये टाळ्या झाल्या आणि रात्रभर सगळ्यांच्या मोबाइलवर एकच शब्द फिरत राहिला: खिलाडूवृत्ती. जितेश ३३ चेंडूंत ८५ धावांवर नाबाद राहिला. बंगळूरू जिंकली आणि पुढे जाऊन आयपीएलही जिंकली.

विदर्भाचा पोरगा जिंकला याचा आनंद मलाही झाला. पण जरा थांबून बघा. गोलंदाजाचा पाय रेषेला नुसता लागला तर विकेट रद्द होते आणि त्याला आपण नियम म्हणतो. फलंदाज रेषा सोडून पुढे निघतो आणि गोलंदाज ते दाखवून देतो, तेव्हा मात्र आपल्याला गोलंदाजाचं चारित्र्य आठवतं. म्हणजे एकाच्या पायाला कॅमेरा आणि दुसऱ्याच्या पायाला माफी? हे कुणी ठरवलं?

तर हे कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलेलं आहे ते उलट आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून एमसीसीनं हा प्रकार ‘अयोग्य खेळ’ या ४१ व्या नियमातून काढला आणि ३८ व्या, म्हणजे साध्या ‘धावबाद’च्या नियमात टाकला. गोलंदाज साधारणपणे ज्या क्षणी चेंडू सोडेल असं वाटतं, तोपर्यंत नॉन-स्ट्रायकरनं क्रीझमध्येच थांबायचं. २०२३ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात ॲडम झाम्पानं असाच प्रयत्न केला. त्याचा हात वरून पुढे गेलेला होता, म्हणून फलंदाज वाचला. त्यानंतर हे शब्द आणखी स्पष्ट करण्यात आले. आधी ताकीद द्यायला हवी, असं या नियमात कुठंच नाही. तरी कॉमेंटरी बॉक्सपासून पानठेल्यापर्यंत सगळे तेच म्हणतात, ‘एकदा वॉर्निंग द्यायला पाहिजे होती न.’

या न लिहिलेल्या नियमाला आपल्याच माणसाचं नाव चिकटलं आहे, हे सगळ्यात जास्त खुपतं. १३ डिसेंबर १९४७, सिडनी कसोटी. विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला असं धावबाद केलं. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राऊनला ताकीद दिली होती आणि तरीही तो बाहेर पडला म्हणून त्याच पद्धतीनं बादही केलं होतं. ब्राऊन पुन्हा बाहेर, मंकड यांनी पुन्हा बाद केलं. पेपरांनी आरडाओरड केली. पण ऑस्ट्रेलियाचा कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी नंतर आत्मचरित्रात मंकड यांचीच बाजू घेतली. तरी नाव पडलं ते ‘मंकडिंग’. पुढे निघालेल्याचं नाव पडलं नाही, पकडणाऱ्याचं पडलं. सुनील गावस्करांनी या शब्दाला वारंवार आक्षेप घेतलाय, तो याचसाठी. आपलं क्रिकेट बोर्ड १९ वर्षांखालच्या मुलांची एकदिवसीय स्पर्धा विनू मंकड यांच्या नावानं भरवतं आणि त्याच आडनावाचा आपण मैदानावर शिवीसारखा वापर करतो.

आता खरा मुद्दा. खिलाडूवृत्तीची किंमत कोण भरतं?

लखनौचा हिशेब बघा. पंत २७ कोटींचा कर्णधार, राठी ३० लाखांचा गोलंदाज, त्यात पहिलाच सीझन. विकेट घेतल्यावर हातावर वहीत लिहिल्यासारखं करतो म्हणून त्याला आधी मानधनाच्या २५ टक्के, मग ५० टक्के दंड झाला. पुढे अभिषेक शर्माशी झालेल्या वादानंतर एका सामन्याची बंदी आली. ती बंदी भोगून तो या सामन्यात परतला होता. म्हणजे लिहिलेले नियम त्याच्यावर पुरेपूर लागू झाले. आणि एक लिहिलेला नियम त्यानं वापरू पाहिला, तेव्हा त्याच्याच कर्णधारानं सगळ्यांसमोर तो परत घेतला. पंतच्या टीमचं प्लेऑफचं गणित आधीच संपलेलं होतं, त्यामुळे त्याला यात गमवायला काही नव्हतं. बंगळूरू हरली असती तर गुजरात पहिल्या दोनांत राहिली असती. म्हणजे पंच ‘बाद’ म्हणाले असते आणि तरी अपील मागे घेतलं असतं, तर ते औदार्य तिसऱ्याच टीमच्या खिशातून झालं असतं! रविचंद्रन अश्विननं नंतर हेच बोलून दाखवलं: कर्णधारानं आपल्या गोलंदाजाच्या पाठीशी उभं राहायला हवं, सगळ्यांसमोर त्याला छोटं करू नये. अश्विननं २०१९ मध्ये जयपूरला जोस बटलरला असंच बाद केलं होतं आणि त्याबद्दल पुढं कितीतरी दिवस ऐकून घेतलं होतं. त्यामुळे तो कुठून बोलतोय, ते कळतं.

असाच प्रसंग १० जानेवारी २०२३ ला गुवाहाटीत झाला. श्रीलंकेचा दासुन शनाका ९८ वर खेळत होता. मोहम्मद शमीनं त्याला नॉन-स्ट्रायकर एंडला धावबाद केलं आणि कर्णधार रोहित शर्मानं अपील मागे घेतलं. शनाकाचं शतक झालं. छान वाटलं. पण भारत तो सामना ६७ धावांनी जिंकला, निकाल केव्हाच लागून गेला होता. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या असत्या तर? तेव्हाही अपील मागे घेतलं असतं, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

दुसऱ्या बाजूला हरमनप्रीत कौर आहे. २४ सप्टेंबर २०२२, लॉर्ड्स, झुलन गोस्वामीचा शेवटचा सामना. इंग्लंडला १७ धावा हव्यात, शेवटची जोडी, चार्ली डीन ४७ वर. दीप्ती शर्मानं तिला धावबाद केलं आणि भारत जिंकला. अख्खं इंग्लंड तुटून पडलं. हरमनप्रीतनं बक्षीस समारंभातच सांगितलं, की मी माझ्या खेळाडूच्या बाजूनं आहे, तिनं नियमाबाहेरचं काही केलं नाही. मला ही कर्णधार जास्त पटते. तिला टाळ्या कमी मिळाल्या, एवढंच.

याचा अर्थ खिलाडूवृत्ती थोतांड आहे, असं मुळीच नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. इंग्लंड ५ बाद ५८. पंचांनी बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं. भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांना वाटलं, बॅट लागलीच नाही. त्यांनी टेलरला परत बोलावलं. मग टेलर आणि इयान बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा विकेटनं हरला. इथे सामना हातात यायचा होता, जे गेलं ते विश्वनाथ यांच्या स्वतःच्या टीमचं गेलं. आणि त्यांनी परत काय दिलं? जे टेलरचंच होतं ते. तो बाद नव्हताच. क्रीझ सोडून निघालेल्या फलंदाजाला सोडणं आणि चुकीनं बाद दिलेल्याला बोलावणं, या दोन गोष्टी आपण एकाच टोपलीत टाकतो. मला त्या वेगळ्या वाटतात.

अलिखित नियमांची ही भानगड क्रिकेटपुरतीच नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये तर त्यांचं अख्खं अलिखित पुस्तकच आहे. मोठी आघाडी असेल आणि समोरच्या पिचरचे तीन चेंडू वाया गेले असतील, तर पुढच्या चेंडूवर बॅट फिरवायची नाही, दया दाखवायची. ऑगस्ट २०२० मध्ये २१ वर्षांच्या फर्नांडो तातीस ज्युनियरनं सात रनांची आघाडी असताना अशाच चेंडूवर ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे एका फटक्यात चार रन. प्रतिस्पर्धी चिडले, पुढच्या फलंदाजाच्या पाठीमागून चेंडू फेकण्यात आला. त्याच्या स्वतःच्या मॅनेजरलाही ते आवडलं नाही. गुन्हा काय, तर पोरगा चांगला खेळला.

हेच मँचेस्टरला आपण पाहिलं, २७ जुलै २०२५ ला. रवींद्र जडेजा ८९ वर, वॉशिंग्टन सुंदर ८० वर. सामना अनिर्णित राहणार हे दिसताच बेन स्टोक्स हात पुढे करून आला, आता बस करू म्हणाला. दोघांनी नकार दिला. इंग्लंडनं चिडून हॅरी ब्रूकला गोलंदाजी दिली, तो वरून भोपळे टाकत राहिला. दोघांचीही शतकं झाली, सुंदरचं तर कसोटीतलं पहिलंच. दोन्ही कर्णधार राजी असतील तरच सामना आधी संपतो, हा नियम आहे. इतके तास उभं राहिलेल्या फलंदाजानं शतक सोडून द्यावं, ही फक्त स्टोक्सची इच्छा होती. प्रत्येक वेळी हेच होतं. दमलेला किंवा फायद्यातला माणूस आपल्या सोयीला ‘स्पिरिट’ म्हणतो आणि ते पाळायची पाळी दुसऱ्यावर येते.

याउलट आपल्या घाटंजीकडच्या टेनिस बॉलच्या मॅचेस आठवा. कॉलेजात असताना मी कितीतरी मॅचेसचा स्कोअर लिहिलाय, त्यामुळे भांडणं जवळून ऐकली आहेत. एलबीडब्ल्यू नाही, कारण अंपायर बॅटिंगवाल्या टीमचाच असतो. बॉल पऱ्हाटीत गेला तर दोनच रन. ज्यानं मारला त्यानंच आणायचा. हेही कुठं छापलेलं नसतं, पण टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टन मोठ्यानं बोलून घेतात आणि अर्ध्या तासानं बाजू बदलली की तोच नियम दुसऱ्याला लागतो. म्हणून ते टिकतात. तिथे कुणी ऐनवेळी नवीन काही काढलं, की लगेच ऐकू येतं, ‘कायले रडीचा डाव खेळून राहिला बे?’ आणि मुकाट्यानं मागं फिरावं लागतं, मग तो कितीही मोठा बॅट्समन असो.

पण अलीकडे आपल्याकडेही बॅनर लागतात, पुढाऱ्यांचे फोटो लागतात, पहिलं बक्षीस हजारांत असतं आणि मोबाइलवर लाइव्हही होतं. अंपायर बाहेरून येतो. नियमांचा कागद छापून येतो: ओव्हर किती, पॉवरप्ले किती, उशीर झाला तर दंड किती. मी पाहिलेल्या कागदांवर नॉन-स्ट्रायकरबद्दल मात्र एक ओळ नव्हती. फायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं बेल्स उडवल्या, तर काय होईल? अंपायरभोवती गराडा पडेल, ‘हे काही क्रिकेट नाही’ म्हणणारे पन्नास जण निघतील आणि तो पोरगा मधोमध एकटा उभा असेल. तुम्ही आयोजक असाल किंवा कॅप्टन असाल, तर पुढच्या मॅचच्या टॉसच्या आधी हे विचारून घ्या: इथे नॉन-स्ट्रायकर निघाला तर आऊट आहे की नाही? आहे म्हणत असाल तर कागदावर लिहा. नाही म्हणत असाल तरी लिहा. आणि तुमच्या बॉलरनं ते केलं, तर त्याच्याजवळ जाऊन उभे राहा.